आत्यांची तोंडी परीक्षा

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. भाकरी येते का, शिवण येतं का, चार पावलं चालून दाखव, यातलं काही नाही. पोह्यांची बशी बाजूला सारून त्या म्हणाल्या, “इंग्रजी शिकवाय येतं का?”

माझ्या वडिलांची छाती फुगली. मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए. आहे, सेकंड क्लास आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सासूबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, “क्लास नगं. शिकवाय येतं का ते सांगा.” मी मान हलवली आणि लग्न ठरलं. बाई लांबचा विचार करते, नातवंडांची शिकवणी आताच बघून ठेवली, असं आमच्याकडं सगळ्यांनी कौतुकानं म्हटलं.

सासर विट्याजवळच्या एका खेड्यात. आमच्या भागातले निम्मे पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, त्यामुळं दिवाळी सोडली तर ते कुठल्यातरी परमुलखात असतात. माझा नवराही लग्नानंतर दीड महिन्यात सेलमच्या दुकानावर परत गेला. घरात उरलो आम्ही तिघं. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. नवऱ्याला एसटीत बसवून आम्ही घरी आलो, तर आत्यांनी हातपाय धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

“हं, मॅडम,” त्या म्हणाल्या, “करा सुरू.”

मला वाटलं, थट्टा करतायत. नव्हत्या करत. आत्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करणं, त्यांची नाकं पुसणं आणि खिचडी शिजवणं हे त्यांचं काम. अंगणवाडीच्या सेविका पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि मदतनीस दहावी पास असेल तर ती जागा तिला मिळणार होती. नसेल तर बाहेरून कुणीतरी येणार आणि आत्या खिचडीच शिजवत राहणार. त्यांची शाळा आठवीत सुटलेली. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू न देता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकला होता. मराठी, इतिहास, भूगोल त्या रेटून नेणार होत्या. गणिताला गावातले एक गुरुजी तयार झाले होते. अडलं होतं ते इंग्रजीपाशी, आणि त्यासाठी त्यांनी सून आणली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात अजब कारभार सुरू झाला. दुपारी खिचडीची भांडी घासून आल्या की आत्या मला ‘मॅडम’ आणि ‘तुमी’ म्हणायच्या. चुकलं तर कान पकडायच्या. शिकवणी संपली की पदर खोचून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “अगं ए, सुवर्णे, दूध उतू गेलं की. ध्यान कुठं हाय तुजं?” सासूला छडी दाखवायची आणि घटकाभरानं तिच्याच शिव्या खायच्या, अशी नोकरी महाराष्ट्रात माझ्या एकटीलाच मिळाली असेल.

पहिला डोंगर प्रिपोझिशनचा. मराठीत आपण ‘झाडाखाली’ म्हणतो, म्हणजे ‘खाली’ हा शब्द झाडाच्या मागून येतो, इंग्रजीत तो पुढं जातो, ‘अंडर द ट्री’, असं मी त्यांना समजावलं. झाड मोठं असेल तर ‘मोठं’ हा शब्द मध्ये बसवायचा, ‘अंडर द बिग ट्री’. आत्यांनी डोळे मिटून विचार केला.

“म्हंजे वरातीगत,” त्या म्हणाल्या. “म्होरं बँडवाला, मधी रोषणाई, मागं घोड्यावर नवरदेव.”

बी. ए.च्या तीन वर्षांत मला हे कुणी इतक्या सोप्यात सांगितलं नव्हतं. मग सर्वनामं आली. बँडवाल्यामागं नवरदेवाऐवजी नुसतं सर्वनाम आलं तर रोषणाई लागत नाही, पण सर्वनामाला आपलं रूप बदलावं लागतं, हे मी सांगितलं. ‘ही’चं ‘हिम’ होतं, ‘आय’चं ‘मी’ होतं. ‘विथ ही’ म्हणायचं नाही, ‘विथ हिम’ म्हणायचं.

“का बदलावं लागतं?”

मला कारण माहीत नव्हतं. मी आपलं सुचेल ते ठोकून दिलं, की समोर वडीलधारं आलं की आपण डोक्यावर पदर घेतो ना, तसं प्रिपोझिशन पुढं आलं की सर्वनाम पदर घेतं.

“ही म्हंजे तो ना? बाप्या माणूस?”

“हो.”

“त्यालाबी पदर घ्यावा लागतो?”

“घ्यावाच लागतो.”

आत्या कितीतरी वेळ समाधानानं हसत होत्या. मग ही भाषा चांगली आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला आणि त्या दिवसापासून ‘हिम’ त्यांच्या तोंडून एकदाही चुकला नाही.

चुकायचं ते विशेषणांच्या जोड्यांमध्ये. ‘अफ्रेड’ला ‘ऑफ’च का, ‘गुड’ला ‘ॲट’च का, ‘अँग्री’ला ‘विथ’ का, यावर त्या वाद घालायच्या. पालीपासून आपण लांब पळतो, मग ‘फ्रॉम’ का नाही? मी म्हणायची, आत्या, या सोयरिकी ठरलेल्या आहेत, आपण बदलायच्या नाहीत. कुणी ठरवल्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इंग्रजांनी.

“म्हंजे पोरीला कुणी इचारलं न्हाई,” आत्या म्हणाल्या आणि गुमान पाठ करायला लागल्या.

या सगळ्यात हाल झाले ते मामांचे. आमचे मामा देवमाणूस, पण आळशी. थोडी द्राक्षबाग होती, तिच्यात राबून आले की ओसरीवरच्या कॉटवर पडायचे आणि तिथून हवं ते मागायचे. आता मागून मिळेना. आत्या चुलीपुढून ओरडायच्या, “बिहाइंड द डोअर!” मामा दारामागं जाऊन चप्पल शोधायचे. चष्मा ‘ऑन द टीव्ही’ असायचा आणि अडकित्ता ‘इन द स्मॉल डबा’. पहिल्या आठवड्यात ते दबकत माझ्याकडं यायचे आणि विचारायचे, “सुवर्णा, बिटवीन म्हंजे कुठं बघू?” महिन्याभरात मामांची प्रिपोझिशनं आत्यांपेक्षा पक्की झाली. माणसाला तंबाखूची पुडी शोधायची असली की तो कुठलीही भाषा शिकतो. पण परीक्षेला बसायचं होतं आत्यांना.

लेखी परीक्षेची मला धास्ती नव्हती. रिकाम्या जागा भरण्यात त्यांचा हात बसला होता. धास्ती होती तोंडीची. बाहेरून बसणाऱ्यांची तोंडी परीक्षा तालुक्याच्या एका शाळेत व्हायची आणि तिथले सर घरातल्या माणसांबद्दल विचारतात, अशी पक्की बातमी होती. म्हणून मी आत्यांकडून तयारी करून घ्यायला लागले. माय नेम इज हौसाबाई. आय लिव्ह इन अ स्मॉल व्हिलेज. इथपर्यंत गाडी धाडधाड यायची. ‘माय हजबंड्स नेम इज’ला ती रुतायची.

आत्या मामांचं नाव घेत नव्हत्या. मामांचं नाव आकाराम. रेशनकार्डवाल्यानं विचारलं तर त्या शेजारणीकडं बोट करायच्या. नावाशी मिळतंजुळतंसुद्धा त्यांना चालत नव्हतं. लाइटच्या बिलावर ‘स्थिर आकार’ असतो, त्याला त्या ‘स्थिर त्ये’ म्हणायच्या. जुन्या बायका अशा असतातच, म्हणून मी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पण मग कळलं, की जुन्या बायकासुद्धा सणासुदीला, हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घेतात. आत्यांनी तेही कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या लग्नात बायकांनी दार अडवून धरलं, सासू रुसली, तरी नवरी घट्ट ओठ मिटून उभी राहिली. शेवटी दार अडवणाऱ्यांचेच पाय दुखायला लागले. लाजाळू नवरी म्हणून तो किस्सा गावात अजून सांगतात. आत्यांना ओळखणाऱ्या कुणालाही त्या लाजाळू वाटणं अवघडच आहे.

मी परोपरीनं समजावलं. परीक्षेत सांगितलेलं धरत नाहीत, इंग्रजीत घेतलेलं नाव देवाला कळत नाही, काय वाटेल ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, “मग दुसरं कुठलंतरी नाव सांगा. सरांना काय कळतंय?”

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मॅडमची एकदम सून झाले. “नवरा म्हणून दुसऱ्याचं नाव सांगू? काय वळण लावलंय का न्हाई तुला आईनं?”

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. मामा येणार नव्हते, पण डबा कोण धरणार, असं आत्यांनी विचारलं आणि ते मुकाट्यानं टोपी घालून निघाले. शाळेच्या पटांगणात मोठं लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत मामा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसले. आत्यांच्या आधी शाळेत नापास होऊन बाहेरून बसलेली पोरं होती, ती आत जाऊन रडकं तोंड करून बाहेर येत होती. सर कडक होते. आत्यांच्या वयाकडं बघून शिपायानं मला त्यांच्याबरोबर दारापर्यंत सोडलं आणि मी चौकटीला टेकून उभी राहिले.

सरांचं आडनाव भोकरे. सर्दीनं त्यांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी मान वर न करता नाव विचारलं, गाव विचारलं. आत्यांनी खणखणीत उत्तरं दिली. मला धीर आला. मग ते आलंच.

“व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?”

आत्या गप्प.

सरांनी मान वर केली. प्रश्न समजला नाही का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“आय अंडरस्टँड,” आत्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

सर रुमालानं नाक पुसून मराठीत आले. “बाई, ही तोंडी परीक्षा आहे. तोंड उघडलं नाही तर मला शून्य द्यावं लागेल. रीतभात घरी. इथं उत्तर पाहिजे.” आणि त्यांनी पेन उचललं. इतक्या महिन्यांची मेहनत, ती जागा, सगळं एका नावावर येऊन अडलं होतं. नाव सांगा हो आत्या, असं मी चौकटीतून हातवारे करून सांगत होते. आत्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“अंडर द बिग ट्री,” त्या म्हणाल्या.

सरांचं पेन थांबलं.

“इन अ व्हाइट कॅप. विथ अ स्टील डबा. निअर द रेड सायकल.” आत्यांनी बोट केलं. “हिम.”

सर उठले आणि खिडकीपाशी गेले. लिंबाखाली टोपी घातलेला माणूस डबा उघडून आत डोकावत होता. सरांनी खिडकीत उभं राहूनच विचारलं, तो माणूस कसा आहे, ते सांगा. हे इंग्रजीत विचारलं होतं, पण आता आवाजातला कडकपणा जरा सैल झाला होता.

आत्या विचार करायला लागल्या. नवरा कसा आहे, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं. मग एकेक सोयरीक बाहेर यायला लागली.

“ही इज गुड ॲट ईटिंग. बॅड ॲट वर्क. फॉन्ड ऑफ टी.” दम घेऊन त्यांनी आणखी एक भर घातली. “अफ्रेड ऑफ पाल.”

“लिझर्ड,” सर म्हणाले.

“अफ्रेड ऑफ लिझर्ड. व्हेरी अफ्रेड. ऑन द कॉट, स्टँडिंग.”

सर हसले आणि त्यातच शिंकले. खुर्चीत येऊन बसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, शेवटचा प्रश्न, हे वाक्य पूर्ण करा. “ही इज प्राउड ऑफ…”

ही जोडी आत्यांना पाठ होती. ‘प्राउड’ला ‘ऑफ’, हे तर सरांनीच सांगून टाकलं होतं, पुढं फक्त एक सर्वनाम घालायचं होतं. पण आत्या अडल्या. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. शब्द येत होता, पण तो खरा आहे का, हे त्या तपासत होत्या.

“प्राउड ऑफ मी,” त्या हळूच म्हणाल्या. आणि खोटं बोलायला नको म्हणून पुढं म्हणाल्या, “आफ्टर रिझल्ट.”

बाहेर आल्यावर मी त्यांना मिठीच मारली. मामांनी काय झालं म्हणून विचारलं. पेपर सोपा होता, असं आत्या म्हणाल्या आणि पिण्याचं पाणी आणायला त्यांना पिटाळलं. लिंबाखाली आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी जरा रागानंच म्हटलं, की सर भला माणूस निघाला म्हणून बरं, नाहीतर एका नावापायी सगळं गेलं असतं. एवढी कसली ती मर्यादा?

“मर्यादा?” आत्या म्हणाल्या. “मर्यादा कुणाला हाय? मी त्यांला म्हशीसमोर काय काय बोलते ते ऐकलंस न्हवं?”

“मग?”

आत्यांनी डब्याचं झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही.

“सहामाहीला मी वर्गात दुसरी आले हुते. आन दिवाळीत ह्यांच्या घरचं आलं बघाय. पोरगी लगीच पायजे म्हणाले. वार्षिक हूस्तवर थांबा म्हटलं बाबांनी, तर थांबनात. दुसऱ्या दिवशी बाबा शाळंत गेले आन पटावरनं माजं नाव काढून आणलं. मी दारात हुते मास्तरांच्या. मास्तरांनी लाल रेघ मारली.” त्यांनी तुकडा परत डब्यात ठेवला. “लगीन झाल्यावर गोठ्यात गाठून सांगितलं ह्यांला. म्हटलं, तुमच्यापायी माजं नाव शाळंतनं गेलं. आता मी दहावी हुईन तवाच तुमचं नाव ह्या तोंडात यील. तवर कुणी मारलं तरी न्हाई.”

“मामा काय म्हणाले?”

“काय म्हणत्यात? अठरा वर्साचं पोर त्ये. बरं म्हणाले.” लांबून मामा पाण्याची बाटली घेऊन येताना दिसत होते. “इसरले बी असतील आता. सांगू नगंस.”

मला राग आला तो सगळ्यांचाच, त्या घाईचा, त्या लाल रेघेचा. आणि सरांपुढं सगळ्या मार्कांवर पाणी सोडायला तयार झालेल्या या बाईचा अभिमान वाटला. मामा आले आणि भाकरी का खात नाही म्हणून आम्हालाच ओरडले.

निकाल जूनमध्ये लागला. विट्याच्या नेटकॅफेत मी एकटीच गेले होते, कारण आत्यांचे पाय ऐनवेळी चालेनात. त्या पास होत्या. इंग्रजीत गणितापेक्षा जास्त मार्क होते. मी एसटीतून उतरून धावतच घरी आले, ओरडत आले, त्यामुळं आळीतल्या बायका माझ्यामागूनच आत शिरल्या. कुणी साखर आणली, कुणी आत्यांच्या पाया पडलं. सेविकाबाईंनी तर त्यांना आपल्या शेजारी खुर्चीवर बसवलं. आत्या नुसत्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आणि मग मी मामांकडं बघितलं. हा माणूस आठवड्यातून एकदा दाढी करायचा. त्या दिवशी दाढीचा वार नव्हता, तरी त्यांची दाढी गुळगुळीत होती. अंगात इस्त्रीचा सदरा होता. ते कॉटवर, पण आडवे न होता, पाय जुळवून ताठ बसले होते, हातात चहाची बशी होती आणि तिच्यातला चहा ते पीत नव्हते. त्यांना फॉन्ड ऑफ टी म्हणून सरांपुढं गाजवलं होतं आणि चहा निवत होता.

आत्यांनीही बघितलं. त्या खुर्चीवरून उठल्या. कुणीतरी म्हणालं, आता तरी नाव घे गं हौसाबाई, पास झालीस. उखाणा येणार म्हणून बायका सरसावून बसल्या. म्हातारीकोतारी पुढं सरकली. आत्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, घसा साफ केला आणि उखाणा नाही, राव नाही, काही नाही, सरळ मास्तरांच्या खड्या आवाजात पटावरचं नाव पुकारावं तसं पुकारलं.

“सूर्यवंशी आकाराम ज्ञानू.”

मामांनी बशी कॉटवर ठेवली, टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“हजर, बाई,” ते म्हणाले.

आत्यांनी त्यांच्याकडं पोटभर बघून घेतलं.

“बसा खाली,” त्या म्हणाल्या.